बागेवर अडलेला कावळा

आमच्या गावची बाग केवढी होती असं कुणी विचारलं तर मी आधी त्याचं गाव विचारून घेतो. पुण्याकडचा निघाला तर बेधडक सांगतो की तुमच्या दोन बागा आमच्या एका कोपऱ्यात बसल्या असत्या आणि वर पाय पसरायला जागा उरली असती. आमच्याच तालुक्यातला निघाला तर जपून बोलावं लागतं, कारण त्यानं ती पाहिलेली असते. त्याच्याशी मी एवढंच बोलतो की बागेला एका दमात फेरी व्हायची. दमेकऱ्याचीसुद्धा.

नगर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा, कर्जतच्या बाजूचा हा भाग. इथं हिरवा रंग बघायला मिळायचा तो बायकांच्या चुड्यात आणि माझ्या रंगपेटीत. मी नगरपालिकेच्या शाळेत ड्रॉइंगचा मास्तर होतो. अशा मुलखात नगरपालिकेनं बाग केली हीच मुळात शौर्याची गोष्ट. बागेत एक कारंजं होतं. उद्घाटनाच्या दिवशी ते असं उडालं की पाहुण्यांच्या फेट्याचा रंग मागच्या रांगेपर्यंत गेला. तेव्हा जे थकलं ते कायमचं. सिमेंटचं एक हरीण होतं, एका शिंगाचं. दुसरं शिंग एका पैलवानानं लंगोट वाळत घालताना मोडलं होतं. मधोमध खांबावर कर्णा होता. त्यातून नगरपालिकेचा रेडिओ संध्याकाळच्या बातम्या सांगायचा. कोपऱ्यात विहीर होती आणि तिचं पाणी असं मचूळ की त्याचा चहा करायला घेतला तर दूध पातेल्यात पडायच्या आधी, वरच्या वर फाटायचं. माणसाला ते चालत नव्हतं, झाडांना मात्र सवय झाली होती. एक थोरला कडुनिंब, थोडी खुरटलेली कण्हेर, मेंदीचं कुंपण. त्या कुंपणाच्या आड, कडुनिंबाखाली, एक दगडी बाक.

या बाकावर माझा संसार अवलंबून होता, हे आधी सांगून ठेवतो.

लग्न नुकतंच झालेलं. घर दोन खोल्यांचं आणि माणसं किती, ते मोजायला बसलं की एखादं मध्येच पाहुणं येऊन बेरीज चुकवायचं. आमच्या घरात एकानं कूस बदलली की ओळीनं सगळ्यांना बदलावी लागे. अशात नव्या बायकोशी बोलायचं कुठं? मी 'पाणी' म्हटलं की तीन तांबे पुढं यायचे आणि त्यातला एकही तिचा नसायचा. ती देवळाली प्रवराकडची. पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकत, उसाच्या गारव्यात वाढलेली. आमच्याकडं आल्यावर पहिले काही दिवस ती दारात उभी राहून चारी दिशांना बघायची, हिरवं काही कुठं ठेवून विसरलंय का, असं. माझ्या आईला वाटलं, पोरीला बाहेरचं काही झालं. मला कारण कळलं. मी तिला बागेचं सांगितलं.

त्या काळात नवरा-बायको जोडीनं बागेत जाऊन बसले असते तर रेडिओनं बातमीत सांगितलं असतं. म्हणून आम्ही युक्ती केली. ती मारुतीच्या दर्शनाला म्हणून निघायची आणि मी बातम्या ऐकायला. मारुतीच्या देवळाचं मागचं दार बागेत उघडत होतं. मारुती ब्रह्मचारी असूनही त्यानं आमची फार सोय केली.

अडचण एकच होती. त्या आडोशाच्या बाकावर रोज संध्याकाळी आमच्या आधी एक म्हातारा येऊन बसलेला असायचा, आणि तो साधासुधा म्हातारा नव्हता. नगराध्यक्षांचा बाप. अध्यक्षांची तेलाची गिरणी होती, गावात दरारा होता. त्या दराऱ्याच्या माणसाला भर चौकात 'टोपी सरळ घाल, लेका' म्हणणारा हा एकच माणूस. पांढऱ्या मिशा, हातात काठी आणि बंडीच्या खिशात कागदाची पुडी. पुडीत तिखट शेव.

ती शेव तो स्वतः खात नसे. दात नव्हते. एकेक काडी बाकाच्या कडेवर ठेवायचा आणि कडुनिंबावरून कावळे उतरायचे. त्यातला एक वाकड्या चोचीचा, पुढारी दिसत होता. त्याला म्हातारा 'व्याही' म्हणायचा. पहिल्या दिवशी माझ्या बायकोनं भीत भीत विचारलं, बाबा, कावळ्यांना शेव कशाला घालता. म्हातारा म्हणाला, "दहाव्याची तयारी, पोरी. ऐनवेळी पिंडाला शिवताना ह्यांनी नखरे करू नयेत. वळख ठिवल्याली बरी."

बायको हसली. लग्न झाल्यापासून तिचं खळखळून हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ऐकायला एक परका म्हातारा कारण झाला याचा मला थोडा रागही आला. म्हाताऱ्यानं ते ओळखलं. तो बाकाच्या एका टोकाला सरकला, आम्हाला दुसरं टोक दाखवलं आणि तोंड फिरवून म्हणाला, "मला संध्याकाळचं ऐकू येत न्हाई, मास्तर. चालू द्या तुमचं."

आणि खरंच त्याला आमचं काही ऐकू येत नसे. कर्ण्यातून बातम्या लागल्या की मात्र यायचं. कुठल्याशा मंत्र्याचं नाव चुकीचं उच्चारलं गेलं तर तो काठी आपटायचा. एरवी ठार बहिरा. असा बहिरा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

तर असा आमचा संसार त्या बाकावर मार्गी लागत असताना दुष्काळाचं ते वर्ष आलं. ते वर्ष ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांचा माझ्यावर विश्वास बसणार नाही. नदीत पाण्याच्या जागी नुसती वाळू. माणसं खडी फोडायच्या कामावर. रेशनवर मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी, जिची भाकरी थापली तर परातीलाच चिकटून बसायची आणि भाजली तर तिच्यावर खडी फोडता यायची. बाजार बसले, जकात आटली आणि नगरपालिकेची तिजोरी नदीसारखी झाली. काटकसर करायची असं ठरलं. अध्यक्षांनी चारी बाजूंनी बघितलं आणि त्यांना बाग दिसली.

एका सकाळी दवंडी फिरली. माळ्याचा पगार, विहिरीवरची मोटर, कर्ण्याचा रेडिओ आणि रात्रीचा दिवा, असा सगळा खर्च वाचवण्यासाठी बाग बंद करण्याचं नगरपालिकेनं योजलं आहे हो, पुढच्या सभेत ठराव येणार आहे हो.

आता खरं सांगायचं तर गावातल्या निम्म्या लोकांनी ती बाग आतून पाहिलीच नव्हती. पण बंद होणार म्हटल्यावर सगळ्यांना तिचा पुळका आला. संध्याकाळी बागेत पाय ठेवायला जागा मिळेना. ज्याला त्याला बागेशी असलेलं आपलं जन्मजात नातं आठवलं. एक सावकारी चेहऱ्याचे गृहस्थ सांगू लागले की आपला दमा या बागेनंच काबूत ठेवला आहे. ते फाटकातून आत शिरताना धडपडले, कारण आत पायरी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. गवळ्यानं शपथेवर सांगितलं की बागेतल्या रेडिओचं भजन कानावर पडल्याशिवाय आपली म्हैस पान्हा सोडत नाही. त्याचा गोठा वेशीबाहेर होता, तिथं तोफेचा आवाज गेला नसता. पैलवान म्हणाले, हरणाशिवाय लंगोट वाळवायचे कुठं. फाटकापाशी भजी आणि शेव विकणारा गाडीवाला तर दोन्ही हात वर करून ओरडत होता की गावाचं फुप्फुस कापायला निघालेत, आणि ओरडता ओरडता भजी तळत होता. त्या आठवड्यात त्याचा जेवढा धंदा झाला तेवढा आधीच्या वर्षात झाला नसेल.

शेवटी मोर्चा काढायचं ठरलं. मोर्चाला एकच अडचण होती. बाग आणि नगरपालिका समोरासमोर. रस्ता ओलांडला की मोर्चा संपला. एवढ्याशा अंतरात घोषणासुद्धा पुरी होईना. 'बाग आमच्या' म्हणेपर्यंत पायऱ्या लागायच्या आणि 'हक्काची' आत जाऊन म्हणावं लागायचं. म्हणून जाणत्या माणसांनी मोर्चा उलट्या दिशेनं नेला. पेठेतून, वेशीतून, बाजारतळावरून सगळं गाव फिरून मग नगरपालिका. फलक मी रंगवले होते. नगरपालिकेचा नोकर मी, त्यामुळं उघड काही बोलायची सोय नव्हती. पण रंगाला सही नसते. फलकावर मी बाग अशी काढली की काय सांगू. कारंजं उडतंय, हरणाला दोन्ही शिंगं, मागं कमळांचं तळं. तो फलक बघून शेजारच्या गावचे दोन बाजारकरू खरोखर तळ्याचा पत्ता विचारत आले होते.

पण उन्हाचे दिवस. पेठेत काही जण पाणी प्यायला थांबले ते थांबलेच. वेशीपाशी सावली होती, तिथं बरेच गळाले. बाजारतळावर उरलेल्यांना त्यांची जनावरं भेटली. नगरपालिकेच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा मोर्चात भजीवाला, दोन पैलवान आणि फलकामागं दडलेला मी. अध्यक्ष गॅलरीत येऊन उभे राहिले. मोर्चा निघताना त्यांनी तो समोरच्या फाटकात बघितला होता, आणि आता तो पोचताना बघत होते. ते शांतपणे म्हणाले की एवढ्या माणसांसाठी बाग नको, एक चटई पुरेल.

दुसऱ्या दिवशी बागेला कुलूप लागलं, मारुतीच्या मागच्या दारालासुद्धा. ठराव नंतर होईल, काटकसर आत्ता सुरू, असा त्यांचा खाक्या.

गाव चार दिवस चिडलं आणि मग टँकरच्या रांगेला लागलं. चिडायला अंगात पाणी लागतं. माझी बायको मात्र पुन्हा दारात उभी राहू लागली. एकदा चुलीपुढं, सगळ्या घराच्या कानांमधून वाट काढत, ती हळूच म्हणाली, "थोडे दिवस माहेरी जाऊन येऊ का?" मी कितीही बढाईखोर असलो तरी हे वाक्य ऐकून मला काही फेकता आलं नाही. दुष्काळ संपेपर्यंत ती गेली, तर तिकडच्या पाटाच्या कडेवरून या फुफाट्यात परत यायला तिला काय कारण उरणार, ते मला सुचेना. तिच्यासाठी माझ्याकडं एक बाकच होता, आणि तो कुलपात.

म्हातारा तेवढा हरला नव्हता. रोज संध्याकाळी काठी टेकत फाटकाशी यायचा, गजांतून हात घालून शेव आत टाकायचा आणि समोर नगरपालिकेच्या गॅलरीकडं बघून मोठ्यानं बोलायचा. एकदा मी जवळच होतो. तो म्हणाला, "मास्तर, ह्यानं मला भाईर ठिवलं. माजं दहावं हूं दे. मग ह्यो भाईर ऱ्हातो का मी, बघू."

म्हाताऱ्यानं मग मात्र फार घाई केली. ऊन लागल्याचं निमित्त झालं आणि चार-पाच दिवसांत गेला. सारं गाव हळहळलं. बायको तर अशी रडली की माझ्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, अध्यक्षांशी हिचं माहेरकडून काही नातं लागतं का.

दहाव्याला सारं गाव नदीवर. नदी म्हणजे वाळू. दोन्ही काठांवर एक झाड हिरवं नाही, आणि वर आभाळ असं निर्मळ की त्यात माशीसुद्धा उठून दिसली असती. अध्यक्षांचं मुंडण झालं. गुरुजींनी विधी केले. रेशनच्या तांदळाचा पिंड दर्भावर मांडून सगळे मागं सरकले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

कावळा येईना.

आमच्याकडं अशा वेळी काय करतात ते ठाऊकच आहे. मेलेल्याची काही इच्छा राहिली असणार, ती पुरी करू असा शब्द घरच्यांनी द्यायचा, म्हणजे कावळा शिवतो. अध्यक्ष पिंडापुढं हात जोडून उभे राहिले. धाकट्या भावाला वाटणी नीट देऊ म्हणाले. धाकटा भाऊ आशेनं आभाळाकडं बघू लागला. काही नाही. पुतणीचं लग्न थाटात करू म्हणाले. काही नाही. म्हाताऱ्याचा म्हातारा बैल विकणार नाही म्हणाले. ऊन चढत चाललं होतं. कावळा शिवल्याशिवाय जेवण नाही, आणि जेवणात त्या दुष्काळात गव्हाच्या चपात्या होत्या, ही बातमी अख्ख्या वाळवंटाला होती. माणसांची पोटं आता म्हाताऱ्याच्या बाजूनं बोलू लागली.

गुरुजींनी तोडगा काढला. शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करून शिवता येतो. अध्यक्षांना सुटल्यासारखं झालं. पण म्हाताऱ्याची थोरली बहीण, अध्यक्षांची आत्या, वाळूत फतकल मारून बसली होती. ती म्हणाली, "गवताचा कावळा? मग तू तरी खरा कशाला आलास? गवताचा ल्योक धाडायचा हुता."

दर्भ तिथंच राहिला.

तेवढ्यात मागून भजीवाल्याचा आवाज आला. आज त्याची गाडी बंद होती, तोंड चालू होतं. "बागंचं बोला की, दादा."

सगळं वाळवंट अध्यक्षांकडं बघू लागलं. अध्यक्षांनी मान वळवली नाही. घसा खाकरून पिंडाला म्हणाले, बागेचं आपण सभेत बघू. गर्दीतून कुणीतरी म्हणालं की कावळ्याला सभेतलं कळत नाही. आत्या नुसती बघत राहिली, आणि आत्याच्या बघण्यापुढं तेलाच्या गिरणीचं इंजिनसुद्धा बंद पडलं असतं. अखेर अध्यक्षांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बाग उघडी ठेवतो, बाबा."

आम्ही सगळ्यांनी आभाळाकडं बघितलं. माझं तर काळीज तिकडंच लटकलं होतं.

काही नाही. चिमणीसुद्धा नाही.

अध्यक्षांनी डोळे उघडले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर तो गॅलरीतला भाव परत आला. "बगा," ते गर्दीकडं वळून म्हणाले, "बागंचं नव्हतंच त्यांच्या मनात. उगं आपलं कायबी." आणि लोकांनी माना डोलावल्या. कावळ्याचा निकाल तो. आता सभा नको, मोर्चा नको, बागेचं प्रकरण नदीच्या वाळूतच पुरलं गेलं होतं, आणि त्यावर शेवटची मूठ आम्हीच टाकायला लावली होती. मला देवळालीची एस.टी. दिसू लागली. तिच्या खिडकीतली माझी बायकोही दिसली.

आणि तेव्हाच माझी बायको बायकांच्या घोळक्यातून उठली. पदर डोक्यावर सारखा करून आत्याबाईंजवळ गेली आणि म्हणाली, हळूच, पण त्या शांततेत ते पैलतीरापर्यंत गेलं, "आत्याबाई, बाबांचे कावळे इथं कसे येतील? ते बागेत असतात."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या. पण एकाही थापेनं माणसं इतकी सुन्न झालेली मी पाहिली नाहीत, जितकी त्या साध्या खऱ्या वाक्यानं झाली. नदीवर पाणी नाही, झाड नाही, खरकटं नाही. कावळा इथं काय करणार? सकाळपासून सारं गाव एका ओसाड जागी उभं राहून म्हाताऱ्याच्या मनात काय होतं ते शोधत होतं, आणि कावळा कुठं आहे हे एकालाही सुचलं नव्हतं.

आत्या उठली. म्हणाली, "उचला."

मग निघाला तो खरा मोर्चा. पुढं केळीच्या पानावर पिंड घेऊन अध्यक्ष, ओल्या पंच्यात, चकचकीत डोक्यानं. मागं गुरुजी, मागं आत्या, मागं सगळं गाव. या वेळी पेठेत कुणी पाणी प्यायला थांबलं नाही, वेशीच्या सावलीत कुणी रेंगाळलं नाही. चपात्या वाट बघत होत्या. उलट घरात बसलेलेही बाहेर येऊन सामील झाले. शेवटचा माणूस नदीतून निघाला तेव्हा पहिला बागेशी पोचला होता, असं मी सांगत आलो आहे आणि आजवर ते कुणी खोडलेलं नाही.

फाटकाला कुलूप. किल्ली शिपायाकडं, शिपाई गर्दीत. त्यानं किल्ली पुढं केली, पण अध्यक्षांच्या हातात पिंड. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग अध्यक्षांनी पिंड आत्याच्या हाती दिला आणि ज्या फाटकाला त्यांच्याच हुकमानं कुलूप लागलं होतं ते सगळ्या गावासमोर स्वतःच्या हातानं उघडलं. कुणी टाळी वाजवली नाही. दहाव्याला वाजवत नाहीत. पण भजीवाल्याचे हात एकमेकांच्या फार जवळ आले होते.

कडुनिंब काळा झाला होता, इतके कावळे. पिंड बाकावर, म्हाताऱ्याच्या टोकाला ठेवला. व्याही उतरला. बाकाच्या कडेवर आला, वाकडी चोच तिरकी करून तांदळाकडं बघितलं, आणि आमच्या मिलोच्या भाकरीकडं आम्ही बघायचो तसं तोंड करून मागं सरकला. सवय शेवेची. त्याला भात कुठला आवडायला.

गर्दीतून एक उसासा निघाला. माझी बायको पुढं झाली. पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी होती. तिनं चिमूटभर शेव पिंडावर ठेवली.

अध्यक्षांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी उन्हाकडं बघितलं, चपात्या असलेल्या दिशेकडं बघितलं आणि निर्णय दिला की शेव शास्त्रात सांगितलेली नाही, पण नको असंही कुठं म्हटलेलं नाही.

व्याही परत कडेवर आला. पण लगेच शिवला नाही. मान वाकडी करून त्यानं अध्यक्षांकडं बघितलं, असं आमचं सगळं गाव शपथेवर सांगतं. अध्यक्ष त्या कावळ्यापुढं उभे होते, घाम डोक्यावरून भुवयांत उतरत होता, की तो घाम नव्हता, कुणी जवळ जाऊन बघितलं नाही. ते गॅलरीतल्या आवाजात बोलले नाहीत. चौकात बापापुढं टोपी सरळ करताना जो निघायचा त्या आवाजात बोलले. "या, बाबा. तुमचीच हाय बाग. आता कुलूप न्हाई लावत."

व्याह्यानं शेव उचलली, आणि मग चोच खाली घालून पिंडातला घास घेतला.

शेवेनं काम केलं की शब्दानं, यावर गावात दोन तट पडले ते आजतागायत आहेत. मी कुठल्याच तटात नाही. पुडी पदरात सकाळपासून कशी होती, हा प्रश्न मात्र मी घरी गेल्यावर विचारून बघितला. बायको म्हणाली, बाबांच्या दहाव्याला जायचं आणि त्यांच्या कावळ्यांना रिकाम्या हातानं भेटायचं, बरं दिसतं का. एवढं बोलून ती भाकरी थापायला बसली, आणि मिलोची भाकरी त्या दिवशी पहिल्यांदा परातीला चिकटली नाही.

ठराव सभेत आलाच नाही. माळी परत आला, मोटर सुरू झाली, कर्णा बोलू लागला. पैसे कुठून वाचवले म्हणाल तर गॅलरीतला पंखा काढला, असं ऐकलं.

आणि बाक? ज्या बाकावर पिंड मांडला त्यावर बसायची गावात कुणाची छाती होईना. लोक लांबून हात जोडायचे आणि वळसा घालून जायचे. पैलवानसुद्धा तिकडं लंगोट नेत नसत. साऱ्या बागेतली आडोशाची, सावलीची, सगळ्यात गार जागा अशी रिकामी पडली. पहिल्या दिवशी मीही बिचकलो. बायको मात्र सरळ जाऊन आपल्या टोकाला बसली आणि मला म्हणाली, बसा हो, बाबांना कधी आपली अडचण झाली होती का. माहेरी जायची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

सगळं गाव वळसा घालून जात असताना त्या बाकावर आम्ही दोघंच. गावातल्या कुठल्याही जोडप्याला एवढा एकांत मिळाला नसेल, बंगलेवाल्यांनासुद्धा नाही.

हे राज्य साधारण महिनाभर चाललं. मग एका संध्याकाळी मेंदीच्या पलीकडून काठी वाजली. आमचं काळीज हललं, कारण ती काठी आमच्या ओळखीची होती. कुंपणाला वळसा घालून अध्यक्ष आले. बापाची काठी हातात, डोक्यावर नुकते उगवलेले केस. नगरपालिकेच्या शाळेचा मास्तर त्यांच्या बापाच्या पिंडाच्या जागेवर बायकोसकट बसलेला. मी उठायला लागलो, तर त्यांनी काठीनंच बस म्हणून खुणावलं. म्हाताऱ्याच्या टोकाला बसले. सदऱ्याच्या खिशातून पुडी काढली, कडेवर एक काडी ठेवली आणि कडुनिंबाकडं बघत राहिले.

व्याही लगेच उतरला. त्यानं काडी उचलली. मग आमच्याकडं न बघता अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, मला संध्याकाळचं ऐकू येत न्हाई. चालू द्या तुमचं."

कर्ण्यातून बातम्या सुरू झाल्या होत्या. त्यात कुठल्याशा मंत्र्याचं नाव चुकलं, आणि त्यांनी काठी आपटली.